मीठ, हळद आणि बनाबाईची गाठ

पौषातलं धुकं वसना नदीवरनं वर चढलं की कोरेगावकडची रानं नऊ वाजेपर्यंत डोळे उघडत नाहीत. ऊस तुटून गेलेल्या त्या रानात दीडशे मेंढरं बसली होती, पण दहा पावलांवरनं त्यातलं एक दिसत नव्हतं. नुसतं खोकणं, ओल्या लोकरीचा वास आणि मधनंच एखाद्या कोकराची हाक. मेंढरांभोवती खुंट्यांना ताणलेली दोरीची जाळी, तिला वाघर म्हणतात, ती दंवानं जड होऊन जागोजागी ओघळली होती. बनाबाई खुंटीखुंटीला थांबून ती वर अडकवत निघाली होती. सगळं काम उजव्या हातानं. डावा हात पदरात.

"आत्या, हात!" चुलीपासनं क्रांती ओरडली. क्रांती म्हणजे बनाबाईची सून. धुक्यातनं तिला सासू दिसत नव्हती, पण खुंट्यांचा आवाज ऐकू येत होता.

"हाय की जाग्यावर हात."

"डॉक्टर काय म्हणले? ओढायचं न्हाई, उचलायचं न्हाई."

"कोण ओढतंय? नीट करायलीया मी."

"दोन्ही एकच झालं की!"

"तुझं भाकरीकडं ध्यान दे. करपल्याचा वास आला."

भाकरी करपली नव्हती. पण क्रांती गप्प बसली, आणि बनाबाईला तेवढंच पाहिजे होतं.

ऑपरेशनला वीस दिवस झाले होते. डावी छाती पुरती काढली होती आणि काखेतल्या काही गाठीही. दवाखान्यातल्या नर्सनं घरी सोडताना व्यायाम शिकवला होता: भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर वर चढवत न्यायची. मेंढरांच्या तळावर भिंत कुठली? बनाबाईनं बांधावरचा लिंब धरला. रोज सकाळी बुंध्यावर बोटं चढवायची आणि जिथं हात थांबेल तिथं मेंढरांना लावायच्या लाल कावेचा एक ठिपका द्यायचा. पहिला ठिपका कमरेच्या जरा वर होता. आजचा डोळ्यांच्या रेषेला आला. तिनं तो नीट बघितला, बोट पदराला पुसलं आणि कबरीकडं गेली.

कबरी ही तिची चार वेताची मेंढी. कालपासनं तिची कास एका बाजूला दगडासारखी झाली होती आणि ती कोकराला जवळ येऊ देत नव्हती. बनाबाईनं बसून कासेवरनं बोटं फिरवली. गरम लागली. मेंढीनं पाय झाडला.

"आवं," तिनं नवऱ्याला हाक मारली, "हळद द्या जरा. कबरीला लेप लावते."

बाळासो शेकोटीजवळ घोंगडं पांघरून बसला होता. हलला नाही. "हळद न्हाई."

"न्हाई म्हंजे? परवाच्या बाजारात आणली की."

"संपली आसंल."

हळदीची पुडी त्याच्याच पाठीमागच्या गठुड्यात होती. पिवळा कोपरा बाहेर डोकावत होता. बनाबाईनं तो बघितला आणि नवऱ्याचं तोंडही बघितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस तिच्याशी खोटं बोलला नव्हता असं नाही. पण बोलला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, हे तिला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही. कबरीची कास कोमट पाण्यानं शेकली आणि उठली. साडेआठची पॅसेंजर गाठायची होती. सांगलीला जायचं होतं.

*

बनाबाई माण तालुक्यातली. माहेर तिथलंच, सासर तिथलंच, मधे एक ओढा. दिवाळी झाली की त्यांच्याकडचं पाणी आटतं, मग मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरायचं, कोरेगावच्या बागायतीत मेंढरं बसवून लेंड्यांनी रानं खतवायची आणि मृगाच्या तोंडावर परत फिरायचं. मुलगा रविराज चालायला शिकला तो या वाटेवरच. त्याला शाळेसाठी गावी ठेवलं, पण बारावी झाल्यावर तो आपणहून काठी घेऊन आला. सून शिकलेली मिळाली, फोनवरनं पावसाचा अंदाज बघणारी, पण मेंढराच्या आजारपणात क्रांतीसुद्धा फोन ठेवून सासूकडं बघते. कारण बनाबाईच्या बोटांना जे कळतं ते बाकी कुणाला कळत नाही. लोकरीच्या आत, कातड्याच्या खाली, कुठं काय सुजलंय, काय कुजलंय, कुठं काटा मोडलाय, ते ती डोळे मिटून सांगते.

त्याच बोटांनी तिला तिची गाठ सापडली होती. दसऱ्याच्या आधी, गावी, अंघोळ करताना. पावट्याच्या दाण्याएवढी. तिनं ती दाबली, हलवून बघितली, दुसऱ्या बाजूशी ताडून बघितली आणि ओली पाठ तशीच घेऊन क्रांतीला आत बोलावलं.

"हितं हात लाव."

क्रांती लाजली. "आत्या, काय बाई..."

"लाव म्हणते तर. लागली? घट्ट हाय का न्हाई? आन् दुखत न्हाई."

"दुखत न्हाई तर चांगलंच की."

"कशाचं चांगलं! मेंढीची कास सुजती तवा दुखती, ताप येतो, मग लेप लावला की उतरती. हे दुखायला तयार न्हाई, हलायला तयार न्हाई. मला ह्याची लक्षणं बरी दिसंनात."

दुखत नाही म्हणून वर्ष वर्ष अंगावर काढणाऱ्या बायका असतात. बनाबाई दुखत नाही म्हणून घाबरली, आणि त्या एका घाबरण्यानं पुढचं बरंच काही सोपं झालं. साताऱ्यात सोनोग्राफी झाली. तिथनं सांगलीला जा म्हणाले. सांगलीत सुई टाकून बारीक तुकडा काढला आणि विश्रामबागेतल्या लॅबमध्ये तपासला: कॅन्सर. डिसेंबरात ऑपरेशन.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी क्रांतीला समोर बसवून सांगितलं होतं, आणि क्रांतीनं ते जसंच्या तसं सासूला. रोग लवकर सापडलाय. पण रोग रोगासारखा नसतो. काढलेल्या गाठीवर लॅबवाले रंग लावून बघणार, तिच्या पेशींत काही ठरावीक प्रथिनं आहेत का नाहीत. त्या खुणांवरनं कळणार की हा रोग गरीब आहे का आडदांड. गरीब असला तर रोजच्या एका गोळीवर भागेल. आडदांड निघाला तर केमो. सलाईनमधनं औषध, सहा महिने, आणि त्या काळात रानात, धुळीत, मेंढरांत राहायचं नाही.

केमो म्हणजे काय ते बनाबाईला माहीत होतं. गावातली मनुबाई त्यातनं गेली होती. मनुबाई जगली, आता खुरपायलाही जाते, त्याबद्दल बनाबाईची तक्रार नव्हती. भीती दुसरीच होती. बनाबाई सहा महिने घरात बसली आणि क्रांती तिच्याजवळ राहिली तर बापलेकाच्यानं एवढी मेंढरं सांभाळायची नाहीत, म्हणून रविराज कळप विकायचं बोलायला लागला होता. आई बरी व्हावी म्हणूनच बोलत होता. पण बनाबाईला कळपाशिवायचं घर डोळ्यांपुढं आणताच येत नव्हतं. चूल पेटवायची, आणि पुढं?

परवा दिवशी लॅबमधनं फोन आला. क्रांतीनं घेतला. लॅबच्या डॉक्टरीणबाई स्वतः बोलत होत्या. पेशंटला घेऊन या, आणि ऑपरेशननंतर गाठीची बरणी घेऊन जो माणूस आला होता त्याला नक्की आणा.

बरणी घेऊन गेला होता बाळासो. त्या फोनपासनं त्याचं जेवण तुटलं होतं.

*

पॅसेंजरला गर्दी नव्हती. खिडकीजवळ बनाबाई, समोर बाळासो. रविराज मेंढरांमागं गेलेला, म्हणून क्रांती तळावर थांबली होती. कुणीतरी थांबायलाच हवं होतं. रहिमतपूर गेलं, मसूर गेलं, कराडला धुकं फिटलं आणि खिडकीतनं ऊन मांडीवर आलं.

"आवं, भाकरी खावा."

"भूक न्हाई."

"काल पण न्हवती."

"पोट गच्च हाय."

"कशानं? वाऱ्यानं?"

बाळासोनं टोपी काढली, झाडली, परत घातली. "बना..."

"काय?"

"काय न्हाई. ऊस लय तुटला न्हाई ह्या वर्षी."

बनाबाई खिडकीबाहेर बघत राहिली. ताकारीपर्यंत त्यानं असं तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा उसावर, गाडीच्या वेळेवर आणि कुणाच्यातरी बैलावर बोलला. शेवटी तीच म्हणाली, "माझ्यापास्नं काय लपवायचं आसंल तर कान झाका. लाल झाल्यात."

त्यानं खरंच टोपी कानांवर ओढली.

*

विश्रामबागेत कॉलेजच्या मागच्या गल्लीत लॅब होती. खाली झेरॉक्सचं दुकान, वर लॅब. डॉक्टर शरयू पन्नाशीच्या, केसांत पांढरी बट, चष्मा गळ्यात दोरीला. टेबलावर सूक्ष्मदर्शक यंत्र आणि त्याला जोडलेला टीव्हीसारखा पडदा. त्यांनी बनाबाईला खुर्ची दिली, हाताची चौकशी केली. बनाबाईनं लिंबावरच्या ठिपक्यांचं सांगितलं तर त्या मनापासून हसल्या.

"मावशी, माझ्यापुढं दोन निकाल आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. म्हणून बोलावलं," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरात तुमच्या गाठीतनं सुईनं तुकडा काढला होता, आठवतंय? तो आमच्याकडं मेणाच्या वडीत जपून ठेवलेला असतो. आणि ऑपरेशननंतर आली ती मोठी बरणी. आधी मी बरणीतल्या गाठीवर रंग लावले. एकही खूण उमटली नाही. सगळं कोरं."

"कोरं म्हंजे चांगलं का वाईट?"

"तिन्ही खुणा नसलेला रोग आडदांड जातीचा धरतात. त्याला केमो द्यावीच लागते."

बनाबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं.

"थांबा, पुरतं ऐका. मला ते पटलं नाही. तुमच्या गाठीच्या शेजारी चांगल्या दुधाच्या नळ्या असतात, निरोगी. त्यातल्या काही पेशी हा रंग घेतातच. प्रत्येक बाईच्या घेतात. तुमच्या बरणीतल्या निरोगी नळ्यांनीसुद्धा घेतला नाही."

बनाबाईनं मूठ सोडली. मग म्हणाली, "म्हंजे पावसानं आख्ख्या कळपाची काव धुवून न्यावी, तसं झालं की. पाठीवर खूण न्हाई म्हणून समदी मेंढरं परक्याची म्हणायची का? आपल्या ओळखीच्या मेंढराचीबी खूण गेली आसंल तर पावसाचा दोष, मेंढराचा न्हवं."

डॉक्टर शरयूंनी चष्मा काढला. "मावशी, मी कॉलेजात शिकवते. पोरांना हे समजवायला मला एक तास लागतो."

"मग आमी काय करतो, कान बघतो. काव धुती, पर कानाला मारलेली कातर जन्मभर ऱ्हाती."

"मीही तेच केलं. मेणाची वडी काढली आणि सुईच्या तुकड्यावर रंग लावले. तिथं वेगळंच दिसलं. पण तो तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. एवढ्याशा तुकड्यावर विसंबून एवढी मोठी बरणी खोटी ठरवायची तर बरणीचं काय बिघडलं ते मला कळायला हवं. ते न कळता मी सही केली आणि ऑपरेशनच्या डॉक्टरांनी सावधगिरी म्हणून केमो दिली, तर त्यांना दोष देता येणार नाही." त्या बाळासोकडं वळल्या. "काका, बरणी तुम्ही आणलीत. शनिवारी दुपारी दवाखान्यातनं निघाली आणि इथं पोचली सोमवारी सकाळी. मधे काय झालं?"

बाळासो उभाच होता. खुर्ची असून बसला नव्हता. वरचा पंखा बंद होता, तरी तो त्याच्याकडं बघत राहिला.

"काय न्हाई झालं," तो म्हणाला.

टोपीखाली कान झाकलेले होते. पण बनाबाईला आता कान बघायची गरज नव्हती. सकाळची हळदीची पुडी, न खाल्लेली भाकरी, गाडीतला ऊस आणि बैल, सगळं तिच्यापुढं एका रांगेत येऊन उभं राहिलं.

"आवं," ती हळू म्हणाली, "माझ्या अंगातनं काढलेलं हुतं त्ये. मला कळू द्या काय झालं त्येचं."

बाळासोनं टोपी काढली आणि तो खुर्चीत बसला.

"म्याडम, मी गेलो टायमावर. पर उलट्या दिशेच्या बसमधी बसलो. हितं आलो तर कुलूप. खाली झेराक्सवाला म्हणला, सोमवारी या. परत रिक्षा केली, तर बरणीचं झाकण ढिल्लं. त्ये पाणी निम्मं धोतरावर. डोळं चुरचुरलं, नाकातनं पाणी. रिक्षावाला उतर म्हणाया लागला. मी म्हणलं, ह्ये कसलं जहरी पाणी, ह्येच्यात माणसाचं मांस ऱ्हाईल व्हय दोन दीस? आन् निम्मं तर सांडलंच. सोमवारपतूर नासून जाईल. मग तपासणार काय? बनाला काय सांगू?"

"दवाखान्यात का परत गेला नाही?"

"येवढं एकच काम सांगितलं हुतं मला, म्याडम. त्येबी जमलं न्हाई, आसं कसं जाऊन सांगू? हिला टाके पडलेले. सून हिच्याजवळ." त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "आमच्यात मांस टिकवायचं म्हंजे मीठ-हळद. बोकड पडला तर मीठ-हळद चोळून दोरीवर वाळवायचं, महिना महिना काय हुत न्हाई. म्हणून ऱ्हायलेलं पाणी वतून दिलं. दुकानातनं मीठ घेतलं, हळद घेतली. सांगलीची हळद, चांगली. आन् समदं चोळून..."

त्यानं कमरेची कनवट चाचपली.

"आन् कनवटीला बिरोबाचा भंडारा हुता, त्यातला चिमूटभर वरनं टाकला. म्हणलं देवा, ह्येच्यातनं चांगलं निघू दे. सोमवारी मग बाटलीच्या पाण्यानं धुतलं आन् बरणीत साधं पाणी भरलं, म्हणलं लॅबवाली वरडतील. धुतलं तरी पिवळंच."

"चरबी मुळात पिवळीच असते," डॉक्टर शरयू स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "म्हणून मला शंका आली नाही."

बनाबाई नवऱ्याकडं बघत होती. रागावावं असं तिच्या मनात आलं होतं, ते भंडाऱ्यापर्यंत टिकलं होतं. आता डोळ्यांपुढं दवाखान्याच्या आवारातला, पत्र्याखाली उकिडवा बसून बरणीला मीठ चोळणारा हा माणूस आला, आणि तिच्या पोटातनं हसू वर यायला लागलं. तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलले. टाक्यांची जागा ओढली तरी थांबेना.

"काय झालं मावशी?"

"माझ्या... माझ्या चान्या घातल्या की ह्या माणसानं!"

सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्यांना तिकडं चान्या म्हणतात, हे सांगली शहरात जन्मलेल्या डॉक्टर शरयूंना माहीत नव्हतं. पण अर्थ कळायला वेळ लागला नाही. त्यांनी हसू आवरायचा प्रयत्न केला. तो साधला नाही. बाळासो दोघींकडं आळीपाळीनं बघत बसला. दोघी हसतायत का रडतायत, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"काका, आता मला सही करता येईल," त्या शेवटी डोळे पुसत म्हणाल्या. "मांस टिकवतं ते त्या बरणीतलं वासाचं पाणीच, पण ते मांसात फार हळू शिरतं. गाठ मधोमध होती, तिथं ते पोचायच्या आधीच तुम्ही ओतून दिलंत. वर मीठ. त्यात ती प्रथिनं विस्कटली, म्हणून रंग धरेना. रोगाचा त्यात काही संबंध नाही. चूक तुमची एकट्याची नाही. बरणी हातात देताना तुम्हाला दोन वाक्यं सांगायला हवी होती. आणि शनिवारी आमच्या दारावर निदान एक फोन नंबर तरी लावलेला हवा होता."

"आन् काखेतल्या गाठी?" बनाबाईनं विचारलं. "त्याबी ह्येनी मिठात घातल्या?"

"त्येची बारकी बाटली येगळी हुती," बाळासो घाईनं म्हणाला. "तिचं झाकण मला उघडलंच न्हाई."

"देवाची कृपा त्या झाकणावर," डॉक्टर शरयू म्हणाल्या. "त्या गाठी शाबूत आल्या. त्यात रोग नाही. एकीतही नाही."

मग त्यांनी खुर्ची पडद्यासमोर ओढली आणि बनाबाईला शेजारी बोलावलं. काचपट्टी यंत्राखाली सरकवली. पडद्यावर फिकट निळं रान उमटलं आणि त्यात तपकिरी ठिपक्यांची दाटी.

"हा सुईचा तुकडा. हे तपकिरी दिसतंय ना, ती पहिली खूण. बाईच्या अंगातल्या हार्मोनला धरून ठेवणारं प्रथिन. शंभरातल्या नव्वद पेशींत आहे. असा रोग त्या हार्मोनवर जगतो, म्हणजे गोळीनं त्याचं खाणं तोडता येतं. दुसरी खूण त्याच घरातली, तीही आहे." त्यांनी पट्टी बदलली. रान निळंच राहिलं. "हे हर-टू. हे प्रथिन जास्त असलं की रोग उधळतो. तुमच्यात ते नाही. ही मात्र खरी कोरी, कारण याच तुकड्यात बाकीचे रंग नीट चढलेत." तिसऱ्या पट्टीवर निळ्या रानात कुठंकुठं एखादा तपकिरी ठिपका. "आणि हे वाढायच्या घाईत असलेल्या पेशी दाखवतं. शंभरात आठ. म्हणजे सावकाश चालणारा रोग आहे हा."

बनाबाई पडद्याकडं बघत राहिली. तिच्याच अंगातलं रान. तिनं बोट पुढं केलं, काचेला न लावता थांबवलं.

"म्हंजे गरीब हाय."

"गरीब आहे. पण रोगच आहे, म्हणून राखण सोडायची नाही. या खुणा अंदाज सांगतात, भविष्य लिहून देत नाहीत."

"अंदाजच पुरं हाय बाई. आमी काय लिहून मागतो कुणाकडं?"

डॉक्टर शरयूंनी तिथल्या तिथं ऑपरेशनच्या डॉक्टरांना फोन लावला. मीठ-हळदीपर्यंत आल्यावर पलीकडनं मोठ्यांदा काहीतरी ऐकू आलं. मग बराच वेळ "हो, हो, बरोबर" चाललं. फोन ठेवून त्या वळल्या. "तीन वाजता त्यांच्याकडं जा. गोळी लिहून देतील. रोज एक, पाच वर्षं. दर सहा महिन्यांनी दाखवायचं. केमो नको म्हणतायत."

बाळासो उठला आणि डॉक्टरीणबाईंच्या पायाकडं वाकला. त्यांनी त्याला अर्ध्यावर धरलं.

"काका, हे काय!"

"म्याडम, तुमचा फोन आल्यापास्नं घास उतरत न्हवता."

"मग आता खा काहीतरी. समोर वडा चांगला मिळतो."

जिन्यात बनाबाई एक पायरी पुढं होती. मागं न वळता तिनं विचारलं, "मला का न्हाई सांगितलं?"

"तू मारलं आसतंस."

"मारलंच आसतं. दोन्ही हातांनी मारता येत न्हाई आजून, म्हणून वाचला."

बाळासोनं दोन वडे खाल्ले, मग गाठोड्यातली भाकरी सोडली, मग आणखी एक वडा मागवला. बनाबाई चहाचा ग्लास धरून त्याचं खाणं बघत बसली. रस्त्यावरनं कॉलेजच्या पोरी स्कुटीवरनं हसत चालल्या होत्या. तिला उगाचच वाटलं, त्यातल्या एकेकीला थांबवून सांगावं, बाई, अंघोळ करताना हात फिरवून बघत जा. पण तेवढ्यात बाळासो म्हणाला, "अजून एक घेऊ का?" आणि तिनं त्याच्या हातातनं ताटली काढून घेतली.

*

संध्याकाळी ते तळावर पोचले तेव्हा रविराज मेंढरं वाघरीत घालत होता. क्रांती पळत आली. फोनवर तिला निम्मं कळलं होतं, उरलेलं बनाबाईनं उभ्या उभ्या सांगितलं. गोळीचं आधी, बरणीचं मागनं. गोळीचं ऐकून क्रांतीनं सासूच्या उजव्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. बरणीचं ऐकून ती सासऱ्याकडं वळली.

"मामा!"

"बोल बाई. तूबी बोल."

"न्हाई, मी काय बोलणार? कोथिंबीर घालायची ऱ्हायली का, येवढंच इचारते."

रविराज काठी टेकून खाली बघत होता. हसतोय असं वाटलं, पण त्यानं मनगटानं डोळे पुसले. मग म्हणाला, "आई, एक व्यापारी कळप घ्यायला येणार हुता परवा. त्येला नगं म्हणून सांगतो."

"आत्ता सांग. माझ्यासमोर लाव फोन."

त्यानं लावला. तिनं सगळं ऐकलं, आणि मगच शेंगदाण्याची चटणी नि भाकरी पुढं ओढली. दोन घास खाल्ले नाहीत तोवर वाघरीतनं एका कोकराची चिडलेली हाक आली. ती हात धुऊन उठली. कबरी एका अंगाला उभी होती आणि भुकेलं कोकरू तिच्या पोटाखाली डोकं घालत होतं, ती बाजूला सरकत होती.

बनाबाई बसली. कास सकाळपेक्षा मऊ होती, पण गरम होतीच.

"आवं, हळद आणा."

बाळासो जागचा हलला नाही. "मी न्हाई आता हळदीला हात लावणार."

"आवं, ही जित्ती हाय. हिला चालती. आणा गठुड्यातली. सकाळपास्नं दिसतीया मला."

त्यानं पुडी आणली. चांगली हातभर लांबनं धरून आणली, आणि तिच्या तळहातावर ओतताना तोंड दुसरीकडं केलं. तिनं ती कोमट तेलात कालवली, कासेला हळूहळू चोळली, वरनं खाली, वरनं खाली. मग सड धरून पिळला. पहिली धार गोठलेली, दह्यासारखी आली. दुसरी पाणचट. तिसरी आली ती पांढरीशुभ्र.

"धर गं," ती क्रांतीला म्हणाली. क्रांतीनं मेंढीची मान धरली, आणि बनाबाईनं कोकराला मानगुटीला पकडून चांगल्या बाजूच्या सडाला लावलं.